पाटीवरच्या दोन टिचक्या

फाल्गुन लागला की आमच्या माळावर भर दुपारी वारं पडतं. सकाळपासून पाचोळा घेऊन हिंडणारं वारं, ऊन डोक्यावर आलं की जनावर बसावं तसं एकदम खाली बसतं. लिंबाचं पान हलत नाही. कावळा चोच उघडी टाकून गप. अशा वेळी मला दोन टिचक्या ऐकू येतात. वेळूच्या पाटीच्या काठावर बोटानं मारल्यासारख्या. टक, टक. मग काही नाही.

मुलगा म्हणतो, अण्णा, ऊन लागलं की पत्रा वाजतो. वाजत असंल. पण ह्या पत्र्याखाली मी तीस वर्षं झोपतोय, त्याचं वाजणं मला ठाऊक आहे.

सोजर मार्गशीर्षात गेली. माझी बायको. तिचं नाव मी कागदावर लिहितोय, तोंडानं कधी घेतलं नाही. आमच्यात नवरा-बायको एकमेकांचं नाव घेत नाहीत, लग्नात उखाण्यात घेतात तेवढंच. आणि मी आणखी एकदा घेतलं, जिथं घ्यायचं नव्हतं तिथं. त्या एका वेळेचं ओझं मी आजवर वागवलं. सोजरला मी कुणाच्या हवाली केलं का, हा एवढाच सवाल. तिला सांगितलं नाही, पोराला सांगितलं नाही. आता जिला सांगायचं ती उरली नाही म्हणून लिहितोय. माझी शाळा तीन यत्ता, तीही निजामाच्या राज्यातली, म्हणजे आधी उर्दूची अलिफ-बे. मराठी अक्षरं पुढं पोथीवर बोट ठेवून ठेवून शिकलो. लिहिणं म्हणजे मला नांगर धरल्यासारखं, तास सरळ गेलं की झालं.

आता खळं कुणी करत नाही. मशीन येतं, धूर सोडतं, तासाभरात पोती भरतं, आणि मशीनवाला मोबाइलवर बोलत उभा राहतो. आमच्या वेळी ज्वारीची सुगी म्हणजे महिनाभराचं खळं. जमीन चोपून, शेणानं सारवून वाटीच्या बुडासारखी गुळगुळीत करायची. मधोमध बाभळीचा खांब, तो तिवडा. त्याच्याभोवती बैलं फिरवून कणसं मळायची. मग दाणा आणि भुसा एक झालेला ढीग उपणायचा. उपणायला तीन पायांची उंच घोडी असते, तिला वावडी म्हणतात. एकजण वावडीवर उभा राहतो, दुसरा खालून पाटी भरून देतो. वरचा ती डोक्याच्या उंचीला धरून हळूहळू ओततो. दाणा सरळ खाली पडतो, भुसा वाऱ्यावर लांब जातो.

आणि हे सगळं मुक्यानं. रास झाकेपर्यंत खळ्यात बोलायचं नाही, पायताण घालायचं नाही, आणि काही झालं तरी कुणाचं नाव घ्यायचं नाही. माळावर जे काही असतं ते सुगीत खळ्याच्या कडेला येऊन बसतं, असं जुनी माणसं सांगायची. त्याला कुणी भूत म्हणत नव्हतं, देव म्हणत नव्हतं. नुसतं 'ते' म्हणायचे. त्याला दाणा नको असतो, नाव पाहिजे असतं. ज्याचं नाव कानावर पडलं त्याला ते आज ना उद्या नेतं. म्हणून पाटी भरली की खालचा माणूस तिच्या काठावर दोन टिचक्या मारायचा. वरच्यानं हात खाली करायचे. खळ्यात एवढीच बोली.

तुम्ही हसाल. मीही हसलो असतो. पण माझा बाप खळ्यावर गेला.

बाप कामाला राक्षस होता. वारं असो नसो, ढीग संपला पाहिजे. वारं पडलं की पाटीतलं ओंजळी-ओंजळीनं वर फेकायचा, वाऱ्याशी भांडण असल्यासारखा. तीन दिवस असं चाललं. तिसऱ्या दुपारी धोंडूतात्यांनी, म्हणजे बापाच्या धाकट्या भावानं, विहिरीवरून त्याला भाकरीला बोलावलं. तात्या ठार बहिरे. बहिऱ्याला आपला आवाज किती लांब जातो ते कळत नाही. ते आपल्या मनाशी बोलल्यासारखं बोलायला गेले आणि बापाचं नाव माळभर घुमलं. बाप वावडीवरून उतरला, तांब्याभर पाणी प्याला, तिवड्याला टेकून बसला. परत उठला नाही.

त्यानंतर तात्या खळ्यात पाय टाकायच्या आधी उपरणं तोंडावर गच्च बांधायचे. मागं गाठ मारून. बाप नावानं गेला का कामानं गेला, हा प्रश्न त्या वेळी मला सुचला नाही. सुचला असता तरी कुणाला विचारणार. राहिलेला ढीग मी उपणला, बापासारखाच, दात खाऊन. विशीतला गडी होतो. मला वाटलं काम असंच असतं.

सोजर पुढच्या साली आली, पार तामलवाडीहून. तुळजापूरला देवीच्या पायरीवर माझ्या मायची आणि तिच्या बापाची गाठ पडली आणि सोयरीक जमली. तिचा बाप उपणणीत नावाजलेला. त्याला शेजारच्या गावांहून बोलावणं यायचं, कारण त्याच्या हाताखाली रास लवकर व्हायची आणि तो कधी घाईत दिसायचा नाही. ही दोन्ही एकाच माणसाबद्दल ऐकून मला ते खोटं वाटलं होतं.

पहिल्याच सुगीत मायनं कपाळाला हात लावला. सगळी माणसं झटून कामाला लागलेली, आणि ही नवी सून तिवड्याला पाठ लावून, डोळे मिटून बसलेली. माळ नाही, पोथी नाही, ओठ हलत नाहीत. अर्धी घटका अशी बसायची, मग उठून पाटी धरायची. घरी आल्यावर मायनं विचारलं, "तामलवाडीच्या बाया अशाच बसून राहत्यात का गं? मग भाकरी कोण थापतं?"

सोजर म्हणाली, "आत्याबाई, भाकरी बी बसूनच थापत्यात."

माय दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या आपणच हसायला लागली.

मी मात्र बघत होतो. सकाळी वावडीखाली उभी राहिलेली सोजर दिवेलागणीला तशीच्या तशी असायची. पाट्या तिनं गड्याच्या बरोबरीनं दिलेल्या असायच्या, उलट दोन जास्तच. मी उपटलेल्या धाटासारखा आडवा. एकदा तिला विचारलं, "डोळं मिटून काय करतीस?"

"काय न्हाय."

"काय न्हाय करायला येवढा येळ लागतो व्हय?"

"लई लागतो," ती म्हणाली. पुढं भाकरी वाढता वाढता सांगितलं तिनं थोडंफार. श्वास ऐकायचा म्हणे. ओढायचा नाही, दाबायचा नाही, मोजायचा नाही. मनात जे येईल ते येऊ द्यायचं, जाईल ते जाऊ द्यायचं. तिच्या बापानं तिला खळ्यावर बसवून शिकवलेलं. तो म्हणायचा, दाणा आपल्या वजनानं खाली जातो, भुसा वाऱ्यानं लांब जातो, मग उपणणाऱ्यानं करायचं काय? तर मधी यायचं न्हाय.

मला ते आळशाचं बोलणं वाटलं. तसं तोंडावर सांगितलंही. ती म्हणाली, करून बघा, आळस करणं लई अवघड हाय.

मध्यंतरी मुलानं मला कळंबला एका ध्यानाच्या वर्गाला नेलं. ती गेल्यावर मी सारखा कायतरी खोदत, तोडत असतो, जेवायला बसत नाही, म्हणून. हॉलमध्ये सतरंज्या टाकलेल्या. पांढऱ्या कपड्यातल्या बाईंनी मायकवरून सांगितलं, डोळे मिटा आणि समोर निळा समुद्र आहे असं समजा. मी समुद्र बघितलेला नाही. मला विहीर दिसली. मग विहिरीवर तोंड बांधलेले तात्या दिसले आणि मी उठून बाहेर आलो. बाई चांगल्या होत्या, त्यांचा दोष नाही. त्या म्हणत होत्या की ध्यानानं कामाचा ताण उतरतो. उतरत असंल. सोजर मात्र काम झाल्यावर दमणूक काढायला बसत नव्हती. ती कामाच्या आधी बसायची, आणि उठल्यावर ते बसणं हातात घेऊनच उठायची. हे मी बघितलं आहे. सांगता येत नाही नीट.

तर ते साल. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आगंमागं. ईट गावच्या बाजारात त्याचीच बोलणी असायची, आणि तात्या अजून तहसीलदाराला 'सरकार' म्हणायचे. ज्वारी अशी आली होती की धाटात माणूस दिसत नव्हता. सोजरचं पहिलं लेकरू वाचलं नव्हतं. आता पुन्हा सातवा महिना. दोन जिवाच्या बाईनं खळ्यावर यायचं नाही हा रिवाज, आणि मायही तिला उंबऱ्याबाहेर सोडत नव्हती. म्हणजे ढिगापाशी मी आणि तात्या. आणि मावळतीकडं रोज दुपारनंतर ढग. शेजारच्या शिवारात गारा पडून गेल्या होत्या. ज्वारी भिजली की काळी पडते, वास मारते, जनावरंसुद्धा तोंड फिरवतात. वर्षाची भाकरी त्या ढिगात होती, येणाऱ्या लेकराच्या आईची भाकरी.

मी बापासारखा उपणत होतो. वारं पडलं की फेकत होतो. चौथ्या सकाळी भाकरी मोडायला गेलो तर हात असे कापायला लागले की तुकडा निघेना. नाकातून रक्त आलं, ताटात पडलं. मायनं कांदा फोडून नाकाशी धरला. सोजर भिंतीला टेकून बघत होती.

माय पाण्याला गेल्यावर ती म्हणाली, "आज वावडीवर चढायच्या आधी बसा."

"ढग बघितलंस का?"

"बघितलं. म्हणून तर म्हणते."

"माझ्या बापाचं काय झालं ठावं हाय ना?"

ती म्हणाली, "मामंजी उतरल्यावर बसलं. चढायच्या आधी बसाया पायजे व्हतं."

मला राग आला. मेलेल्या माणसाबद्दल असं बोलतात का. ताट तसंच सरकवून मी निघालो.

दुपारपर्यंत दोन माणसांचं काम एकट्यानं ओढलं आणि बाराच्या सुमाराला वारं पडलं. ठार पडलं. तात्या बैलं पाजायला विहिरीकडं गेले. मी बसलो तो तिवड्याला टेकून. बाप बसला होता तिथंच. बसल्यावर ते ध्यानात आलं, पण उठायचं बळ नव्हतं. म्हटलं आता नेतंय तर नेऊ दे.

डोळे मिटले. आधी नुसता लोहाराचा भाता. छातीत धबधब, कानात धबधब. ढग, लेकरू, काळी ज्वारी, बापाचं उघडं तोंड, सगळं अंगावर आलं. करायचं तर काही नव्हतं, मग ऐकत बसलो. कधी तरी भाता मंद झाला. भुशात मुंग्या चालतात त्याचा आवाज येतो, हे त्या दिवशी मला कळलं. बाभळीच्या खांबाला ऊन लागून आत काहीतरी तडकतं, तेही. श्वास जात होता, येत होता, आणि त्याला माझी गरज दिसत नव्हती. त्या गोष्टीची भीती वाटायला पाहिजे होती. वाटली नाही.

मग मानेला वारं लागलं.

मी उठून वावडीवर चढलो. भुसा डोळ्यांत जातो म्हणून तोंडाडोळ्यांवरून धडपा गुंडाळला. खाली टिचक्या वाजल्या, टक, टक. म्हटलं तात्या परत आले. हात खाली केले, पाटी आली. ओतली. टक, टक. पाटी आली. ओतली.

त्या दुपारी मी पाट्या ओतल्या असं मला म्हणता येत नाही. त्या ओतल्या गेल्या. वजन होतं, पण ते माझ्या पाठीला विचारत नव्हतं. वारं येई तेव्हा हात वर असत, वारं थांबे तेव्हा हात थांबलेले असत, आणि त्यात कुठं ठरवणं नव्हतं. ढीग संपेल का, हा विचार खळ्याच्या कडेकडेनं हिंडला आणि निघून गेला. दाणा पडल्याचा आवाज सारखा एकच, लांबच्या पावसासारखा. मी चांगला जागा होतो. एवढा जागा मी पुन्हा कधी झालो नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. हळूहळू एकेक ध्यानात यायला लागलं. तात्यांना भुशाचा खोकला होता, उपरण्याआडूनही ते ढासायचे. खोकला नव्हता. भुशात पाय वाजतो, तो वाजत नव्हता. आणि वास येत होता. कापराचा. खळ्यात कापूर कुठून येणार. मग पाटी घेताना बोटाला बोट लागलं. गार होतं, रांजणाखालच्या मातीसारखं. करंगळी वाकडी होती.

सोजरची उजवी करंगळी लहानपणी रहाटात सापडून वाकडी झाली होती.

मला वाटलं, आली. रिवाज मोडून, मायला चुकवून, पोटातलं लेकरू घेऊन ऐन उन्हात आली. माझ्या मनात कधी नव्हे ती माया दाटली. सकाळचं ताट आठवलं. आणि धडप्याच्या आतून, हळूच, मी बोललो, "दमलीस का, सोजर?"

वारं पडलं. असं पडलं की पाटीतला भुसा माझ्याच पायांवर पडला. टिचकी वाजली नाही. मी हात खाली धरून उभा राहिलो. बराच वेळ. मग धडपा ओढला.

खळ्यात कुणी नव्हतं. ढीग संपला होता, तळाची पाटी-दोन पाटी तेवढी उरली होती. ढिगाच्या जागेपासून वावडीपर्यंत बारीक भुशाचा थर बसला होता, चाळलेल्या पिठासारखा. त्यावर पाऊल उमटलेलं नव्हतं. एकही. रिकामी पाटी वावडीच्या पायाशी नीट पालथी ठेवलेली, तिचा काठ एका बाजूनं उसवलेला.

मावळतीला गडगडलं. मी पळत विहिरीकडं गेलो. तात्या लिंबाखाली घोरत होते. त्यांना हलवून उठवलं, दोघांनी मिळून रास कडब्यानं आणि घोंगड्यांनी झाकली, कडेनं दगड ठेवले, तोवर गारा सुरू झाल्या. बैलांना घेऊन लिंबाच्या बुंध्याशी उभं राहिलो. मी तात्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, पाट्या कुणी दिल्या? त्यांनी उपरणं सोडलं.

"सून आलती की," ते म्हणाले. "म्या बैलं पाजून येत व्हतो तर ती पाटी देतीया. म्हनलं आता आपलं काय काम, म्हणून पडलो हितं. हिरवं लुगडं नेसलीय. डोस्कं भुश्यानं पांढरंफटक झालं बघ तिचं. सांग तिला न्हाऊन घ्यायला."

सोजरकडं तेव्हा लुगडी दोनच होती आणि दोन्ही तांबडी.

घरी पोचलो तर ती भिंतीला टेकून बसलेली. तांबडं लुगडं. केस तेल लावून चापून बसवलेले, काळेभोर, भुशाचा कण नाही. माय घाबरून म्हणाली, तू गेल्यापासून जी बसलीय ती हललीच न्हाय, म्या दोनदा नाकापुढं बोटं धरून बघितली. सोजरनं डोळे उघडले.

"झालं?"

"झालं."

"पाटीचा काठ उसवलाय," ती म्हणाली. "उद्या बांधून घ्या."

मी विचारलं नाही, तुला कसं कळलं. विचारलं असतं तर माझं मला सांगावं लागलं असतं. की मी बोललो. की तुझं नाव खळ्यात घेतलं, उघड्यावर, रास झाकायच्या आधी, आणि कडेला कोण बसलेलं होतं मला ठाऊक नाही. तात्यांच्या तोंडावरच्या उपरण्याचा अर्थ मला त्या संध्याकाळी कळला. बाळंतपण होईपर्यंत मी नीट अन्न खाल्लं नाही. पोरगा झाला, खणखणीत. सोजर हिंडूफिरू लागली. मग वाटलं पोराला पाच वर्षं होऊ देत. मग वाटलं त्याचं लग्न होऊ दे. दर फाल्गुनात मी तिच्या चेहऱ्याकडं बघायचो आणि ती म्हणायची, काय बघताय, मी काय पळून चाललेय?

आणि त्यानंतर मी बसलो नाही. एकदाही. ती रोज दुपारी बसायची, मलाही बोलवायची. मी म्हणायचो, येळ न्हाय. खरं म्हणजे डोळे मिटायची मला भीती वाटायची. एका दुपारी मला जे गवसलं होतं, काम हातांतून आपोआप वाहतं ते, ते मी भीतीपायी सोडून दिलं आणि सगळी जिंदगी परत दात खाऊन कष्ट केले. पाठ वाकली, गुडघे गेले, तोंडाचा ताबा गेला. पोराला मारलं, बैलांना मारलं. सोजरचं काम माझ्याहून कमी नव्हतं. पण तिच्या पाठीचा कणा शेवटपर्यंत सरळ होता. लोक म्हणायचे, हाडाचीच बळकट. हाडं माझीही बळकट होती.

मार्गशीर्षातल्या त्या दुपारी ती भिंतीला टेकून बसली होती. मी तीनदा तिच्यासमोरून गेलो. एकदा कुदळ न्यायला, एकदा पाणी प्यायला, एकदा उगीच. मग सुनेनं तिच्यापुढं चहा ठेवला आणि कप तसाच राहिला. ती कोणत्या वेळेला गेली हे कुणालाही सांगता आलं नाही. बसली होती आणि नव्हती.

नवऱ्याच्या आधी गेली म्हणून बायकांनी तिला हिरवं लुगडं नेसवलं. मळवट भरला. कापूर लावला. मी पायाशी उभा होतो. पांढऱ्याफटक डोक्यावर हिरवा पदर घेतला. तात्यांनी लांबून जे बघितलं होतं ते हे होतं. भुसा नव्हता तो. मी तिचा उजवा हात हातात घेतला. गार, रांजणाखालच्या मातीसारखा. करंगळी वाकडी. ते बोट मी आधी एकदा धरलेलं होतं. मला ओळख पटली.

म्हणजे त्या दुपारी खळ्यात आली ती घरी बसलेली पोर नव्हती. ही होती. सगळं आयुष्य काढून झालेली, इथून निघालेली. एवढं मला कळतं. कसं, ते कळत नाही, आणि ज्याला कळतं म्हणेल त्याच्यावर माझा विश्वास बसायचा नाही. पण मन त्यावरही थांबेना. मग मी नाव घेतलं ते कुणाला ऐकू गेलं? 'ते' पन्नास-साठ वर्षं दम धरून बसतं का? का मी हाक मारली म्हणून ती पाटी टाकून निघून गेली, दोन पाट्या उरलेल्या असताना? तीन महिने हेच. झोप नाही, हातातली कुदळ सुटत नाही. जुन्या खळ्याच्या जागेवर हरळी माजलीय, ती खणत सुटलो. मुलगा म्हणाला, अण्णा, तिथं काय पेरायचंय तुम्हांला? मी त्याला शिवी दिली.

परवा खणताना नाकातून रक्त आलं, मातीवर पडलं. कुदळ टाकली. तिवड्याचा खांब कधीच कुजला, पण त्याचा खड्डा अजून आहे, हाताची मूठ जाईल एवढा. त्याच्याशेजारी बसलो. सोजर म्हणाली होती, चढायच्या आधी बसा. आता मला कुठं चढायचं आहे, पण बसलो.

भाता चालला. मग मंदावला. मुंग्या ऐकू आल्या. एवढ्या वर्षांत त्यांचं चालणं बदललेलं नाही. ऊन पापण्यांवर तांबडं होऊन बसलं. वारं पडलं. आणि अगदी जवळ, डाव्या हाताला, हातभरावर, टक, टक.

कापराचा वास आला.

नाव जिभेवर येऊन उभं राहिलं. नाव आणि त्याच्यामागं तो सवाल, माझ्यामुळं का गं? तोंड उघडलं असतं तर दोन्ही बाहेर पडले असते. तेवढ्यात मला दिसलं, की तिकडं, त्या फाल्गुनात, वावडीवर एक पोरगेला गडी डोळ्यांवर धडपा बांधून उभा आहे. मावळतीला ढग आहेत. त्याचे हात खाली आहेत. तिला मी इथं हाक मारून थांबवली, तर त्याला पाटी कोण देणार?

मी ओठ मिटून घेतले. श्वास गेला, आला. कुणीतरी माझ्यासमोरून गेलं, हरळी वाजली नाही.

मग मावळतीकडून वारं आलं, आणि मी मधी आलो नाही.